नवऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या

ज्या वर्षी नवऱ्याची कबुतरे मरायची थांबली, त्याच वर्षी टिटवीचा आजार बरा व्हायचा थांबला.

टिटवी हे नाव डोहावरच्या बायकांनी ठेवलेले. पाय लांब, मान लांब, आणि जिथे इतर बायका छातीपर्यंत बुडत तिथे ही कमरेइतक्या पाण्यात उभी. घरात तिला कोणत्याच नावाने हाक नव्हती. सासू 'अगं' म्हणे. नवरा तेवढेही श्रम घेत नसे.

काम तागाचे होते. कापलेल्या तागाच्या मोळ्या डोहात बुडवायच्या, वर ढेकळे आणि ओंडके ठेवून दाबायच्या, आणि काडीवरची साल कुजून सैल होईपर्यंत थांबायचे. साल सैल झाली की बायकांनी पाण्यात उतरायचे. मोळीचा बुडखा लाकडी थापीने चेचायचा, सुटलेला तंतू मनगटाला गुंडाळायचा, एका हिसक्यात काडी मोकळी करायची आणि हातातला तंतू पाण्यावर आपटून धुवायचा. उन्हे कलेपर्यंत हेच. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. लहान डोह आटले आणि सगळ्या गावाचा ताग एकाच डोहात आला. पाणी काळे पडले, दाट झाले, त्यावर सायीसारखा तवंग धरला. मोळीला मोळी खेटलेली, बाईला बाई. मुकादम काठावर छत्रीखाली उभा राहून उंटावरून शेळ्या हाकत होता: ताग जास्त कुजला तर तंतू तुटतो, हात चालवा.

त्या पाण्यात टिटवीची आग होत असे. मांड्यांच्या आतली कातडी सोलवटलेली. ओला कपडा तिथे घासला की ती ओठ दातांत धरी. अंगावरून जायचे ते पांढरे नव्हते. पिवळट हिरवे, फेसाळ, आणि त्याला असा वास की डोहाच्या घाणीतही तो तिला वेगळा कळे. लघवीला बसणे ही शिक्षा होती, म्हणून ती पाणी कमी पिई; पाणी कमी पडले की लघवी आणखी जळे. चालताना पाय फाकत. बायकांच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत.

"टिटवीचं बदक झालं गं," डोहावरची सगळ्यात जुनी सोलणारी म्हणाली. तिला सगळ्या मावशी म्हणत. बायका हसल्या. टिटवीही हसली, कारण न हसणारीची चर्चा जास्त होते.

मावशीचे निदान तयार होते. पाणी. हंगामात प्रत्येकीला थोडेफार होते, डोह आटला की जाते. उपायही तयार होता: तुरटीच्या पाण्याने आतून धुवायचे. मावशीची आई तसेच करी, आणि तिची आईही. टिटवीने रोज धुतले. तुरटीने पहिल्यांदा बरे वाटे, सगळे आवळल्यासारखे, कोरडे. मग दुप्पट जळे. शिवाय टिटवीचा आजार हंगामाबरोबर आलेला नव्हता. तो थंडीत आला होता, डोह कोरडा असताना. हे तिने एकदा बोलून दाखवले. मावशी म्हणाली की गेल्या वर्षीचे पाणी अंगात मुरले असेल.

थंडीत आणखी एक गोष्ट घडली होती. नवरा तागाच्या गाठी बांधणाऱ्या दाबयंत्रावर कामाला होता. दर थंडीला मालक त्याला दूरच्या गोदामावर पाठवी. तिथे तो इतर पुरुषांबरोबर दोन-दोन महिने राही. त्या वर्षी तो परत आला आणि काही दिवसांत टिटवीला पहिल्यांदा खाज सुटली. या दोन गोष्टी शेजारीशेजारी होत्या. घरात कोणी त्या जोडल्या नाहीत. टिटवीनेही नाही. नवऱ्याला काही झालेले नव्हते. तो धडधाकट होता, जेवत होता, शीळ घालत होता.

शीळ कबुतरांसाठी होती. घराच्या धाब्यावर त्याने फळ्या आणि जाळी ठोकून खुराडे केले होते. तागाच्या गाठी मोजून थकलेला माणूस वर चढला की त्याचा चेहरा पालटे. गेल्या उन्हाळ्यात त्याची पाखरे पटापट मेली होती. घशात पिवळा, पनीरासारखा गोळा धरायचा, चोच उघडी राहायची, दाणा आत जायचा नाही. त्याचा सगळ्यात लाडका नर त्याच्या मांडीवर मेला. त्या दिवशी तो जेवला नव्हता. टिटवीच्या पोटातले तिसऱ्या महिन्यात पडले होते, त्या दिवशी तो जेवला होता.

आरोग्य केंद्रात बायकांचा वेगळा दिवस असे. त्या दिवशी पुरुषांनी आवारात यायचे नाही, अशी पाटीच होती. बायकांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. आत एक पडदा, पडद्यामागे खाट, आणि पडद्याच्या अलीकडे बाकावर बसलेल्या बायका, ज्यांना पडद्यापलीकडचे सगळे ऐकू येई. आधीचे डॉक्टर मान वर न करता ऐकत. अंगावरून जाते म्हटले की ते सगळ्यांना एकच गोळ्यांचा गठ्ठा देत: या रोगावरची, त्या रोगावरची आणि नसलेल्या तिसऱ्यावरची. त्या गठ्ठ्याने टिटवीचा फेस गेला, पण मागोमाग वेगळीच खाज सुरू झाली, पांढऱ्या चोथ्यासारखे जाऊ लागले. त्यावर आणखी औषध. ते थांबते न थांबते तोच जुने दुखणे परत.

प्रत्येक वेळी नर्सबाई दोन पाकिटे देई. एक तिचे, एक त्याचे.

"हे तुझं. हे त्याचं. दोघांनी घ्यायच्या. आणि संपेपर्यंत जवळ यायचं नाही, सांग त्याला."

टिटवी घरी येऊन त्याचे पाकीट कोनाड्यात, त्याच्या दाढीच्या सामानाशेजारी ठेवी. सकाळी पाकीट रिकामे असे.

"घेतल्या का हो?"

"हं."

तेवढ्यावर तिचे समाधान होते. खरे सांगायचे तर समाधानापेक्षा जास्त होते. ज्या माणसाने लग्नानंतर तिला कधी 'बसलीस का' विचारले नाही, तो हल्ली आपण होऊन विचारू लागला होता. केंद्राचा दिवस जवळ आला की म्हणे, जाऊन ये, दुखणं अंगावर काढू नये. एकदा तर त्याने तिला सायकलवर डबलसीट नेऊन फाटकाशी सोडले आणि बाहेर चहाच्या टपरीवर थांबला. परत येताना विचारले, दिली ना दोन्ही पाकिटे. टिटवी मागे बसून त्याच्या घामेजलेल्या पाठीकडे पाहत होती. आजाराने का होईना, याला आपली आठवण झाली, असे तिला वाटले. तिने ते मनात जपून ठेवले.

सासूचे तसे नव्हते. सासू विधवा, कामाची, तोंडाची खमकी. तिने टिटवीच्या कपड्यांना धुण्याचा दगड वेगळा केला, मग दोरी वेगळी, मग मोरीत जायची वेळ वेगळी. नर्सबाईने कधीतरी कोणाला तरी सांगितले होते की हा आजार बाहेरून येतो. ते वाक्य सासूने पक्के धरले. बाहेर कोण जाते? दाबयंत्रावर पुरुष असतात, ते जातातच, तो त्यांचा पोटाचा धंदा. पण आजार ज्याच्या अंगावर दिसतो त्यानेच तो आणला असणार. मुलाच्या अंगावर काहीच नाही. म्हणजे तो सुटला. आपला तो बाब्या.

"माझ्या पोराला काही झालं असतं तर मी गप्प बसले असते," सासू शेजारणीला, टिटवीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पण तो सोन्यासारखा आहे."

मग केंद्रात नवीन डॉक्टर आली. चाळिशीची, केस आखूड कापलेली, बोलताना शब्द तोलून वापरणारी. तिने टिटवीला खाटेवर घेतले, कापसाच्या काडीने आतला थेंब काचेवर लावला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिले. मग बाजूला सरून टिटवीला म्हणाली, "बघायचंय?"

टिटवीने डोळा लावला. उजेडाच्या गोल तुकड्यात नासपतीच्या आकाराचे काहीतरी थरथरत होते, एका टोकाला शेपट्या फडकवत, गिरक्या घेत.

"हा तुमचा आजार. ताप नाही, उष्णता नाही, नजर नाही. हा. डोहाच्या पाण्यातून हा येत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याकडे येतो, आणि कसा ते तुम्हाला माहीत आहे."

डॉक्टरने गठ्ठा दिला नाही. एकाच औषधाच्या गोळ्या दिल्या आणि संपल्यावर परत बोलावले. टिटवी गेली. काचेवर काही हलत नव्हते. हंगाम चढला, आणि फेस परत आला. काचेवर परत गिरक्या.

डॉक्टरने काच बाजूला ठेवली. मग तिने एकेक शक्यता मोडीत काढायला घेतली. औषध लागू पडत नाही असे म्हणावे तर मधे जंतू नव्हता. म्हणजे लागू पडते. मग तो नव्याने येतो. कोठून? नवरा गोळ्या घेतो का? घेतो, टिटवी म्हणाली, पाकीट रिकामे मी डोळ्यांनी पाहते. डॉक्टरने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. आवाज चढवून नाही, पण पडदा कापडाचा होता.

"नवऱ्याशिवाय आणखी कोणी आहे का?"

बाकावरची कुजबुज थांबली.

"नाही," टिटवी म्हणाली.

"मी आरोप करत नाही. मला कारण सापडत नाही, म्हणून विचारते."

"नाही म्हटलं ना."

टिटवीचे कान तापले होते. खाटेवर पाय फाकून पडलेल्या बाईला स्वाभिमान दाखवायला जागा कुठे असते. डॉक्टरने तिच्या अंगावर चादर ओढली आणि वेगळेच विचारले: धुता कशाने? टिटवीने तुरटीचे सांगितले. डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

ते बंद करा, ती म्हणाली. आतमध्ये चांगले जंतू राहतात, मोठा जमाव असतो त्यांचा. ते तिथले सगळे आंबट ठेवतात, आणि त्या आंबटपणात बाहेरच्या उपऱ्यांना सहज थारा मिळत नाही. तुरटी, साबण, जंतुनाशक, काहीही आत घातले की आधी तेच जातात. आधीच्या डॉक्टरांनी दिलेला गठ्ठाही त्यांच्यावरच पडला. रान मोकळे झाले, म्हणून ती दुसरी खाज. जमाव परत बसायला वेळ लागतो. बाहेरून पाणी पुरे. आत काही नको.

टिटवीला हे समजले, कारण तिच्या कामात ते रोज होते. नवा डोह खणला की त्यात ताग कुजत नाही; काडी भिजते, फुगते, पण साल सुटत नाही. म्हणून बायका जुन्या डोहातले पाणी घागरींनी आणून नव्यात ओततात. एका वर्षी कोणीतरी चुन्याची गाडी डोहात धुतली होती आणि सगळा ताग जसा घातला तसा वर आला होता. पाणी मेलं, असे मावशी म्हणाली होती. कुजवणारे कोण, ते कोणी पाहिले नव्हते. पण ते मेले की काय होते, हे सगळ्यांनी पाहिले होते.

तिने तुरटी सोडली. मावशी रागावली, ही आता शिकलेल्यांचं ऐकते, म्हणाली. टिटवीची जळजळ निम्म्याने उतरली. आजार मात्र आला तसाच येत राहिला. तुरटीने दुखणे वाढत होते. ते आणत होते दुसरेच काहीतरी.

बाकावर बसलेल्या बायकांनी पडद्यापलीकडचा प्रश्न गावात पोचवला. उत्तर पोचवले नाही. सासूने त्याच आठवड्यात टिटवीच्या भावाला निरोप धाडला: डोहाचे काम संपले की बहिणीला घेऊन जा, पुरती बरी झाली तर बघू. नवऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, आई म्हणते तसं. टिटवीने भावजयीचे घर डोळ्यांपुढे आणले: एक खोली, तीन मुले, आणि मोजून वाढलेला प्रत्येक घास. अशी माहेरी धाडलेली आणि बरी होऊन सासरी परत आलेली बाई तिने अजून पाहिली नव्हती. 'तिला तसला आजार आहे' ही ओळख, ती कुठेही गेली तरी, तिच्याआधी पोचणार होती.

डोहातला शेवटचा ताग निघाला. बायका बांबूच्या आडव्या दांड्यांवर तंतू वाळत घालत होत्या. पिवळसर सोनेरी झुलपे, वाऱ्याने एकमेकांत गुंतणारी. टिटवी बोटांनी गुंता सोडवत असताना वाटेवरून न्हावी आला. तो नवऱ्याचा मित्र, कबुतरांचाच नादी. काखेत फडक्यात गुंडाळलेली एक मादी होती, चोच उघडी, मान वाकडी.

"वहिनी, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "दादा काही देईना. म्हणतो मला पुरत नाहीत. तुम्हीच द्या बघू दोन-चार."

काय, असे टिटवीने विचारले.

"त्या गोळ्या हो. केंद्रातल्या. पांढऱ्या. पाण्यात कुस्करून देतो तो पाखरांना. माझ्या हिच्या घशात बघा ना कसं झालंय." त्याने मादीची चोच आणखी फाकवली. आत पिवळा गोळा होता. "गेल्या साली दादाची अशीच मरत होती. त्या गोळ्या चालू केल्या तेव्हापासून एक मेलं नाही. तुम्ही जाताच ना तिकडे, तर माझ्यासाठी पण एक पाकीट मागून आणा. अंगावरून जातं म्हणायचं, देतात म्हणे."

न्हाव्याने हे कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले, कारण त्याच्या मते यात झाकण्यासारखे काही नव्हते. त्याला वाटले वहिनीला हे माहीतच असणार. आणखीही तो सांगत होता: दादाचा हात कसा हलका आहे, तो आधी कशा गोळ्या विकत आणायचा, मग त्याच नावाच्या गोळ्या कोनाड्यात सापडल्यावर कसा खूश झाला होता. टिटवीच्या बोटांत तंतूचे झुलूप होते. ते तिने दांडीवर नीट पसरले. नंतर तिच्या लक्षात आले की तिने त्याचे टोक दातांनी तोडले होते.

"मागच्या वेळी सायकलवर घेऊन गेला ना तुम्हाला," न्हावी म्हणाला. "म्हणत होता, आज पाखरांची सोय झाली."

संध्याकाळी टिटवी शिडीने धाब्यावर चढली. ती तिथे सहसा जात नसे. नवरा उकिडवा बसून एका नराच्या घशात डोकावत होता. तिला पाहून त्याने तो पुढे केला. त्याच्या आयुष्यातली दाखवण्यासारखी गोष्ट ती एवढीच होती.

"बघ. कसा स्वच्छ आहे."

"तुमच्या गोळ्या तुम्ही यांना घातल्या."

तो दचकला नाही. नराच्या पंखावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला की मरत होती ती. डोळ्यांसमोर मरत होती. मला काय झालंय? धडधाकट माणसाने औषध खायचं, आणि ज्याला गरज आहे त्याने तडफडायचं? फुकट मिळतात, कोनाड्यात पडून वाया जायच्या. तुझ्या तू घेत होतीसच, तुझ्यातली एक तरी घेतली का मी?

"मला 'जाऊन ये' म्हणत होतात. दुखणं अंगावर काढू नये म्हणून."

"मग? संपल्या होत्या."

हे त्याने भांडून म्हटले नाही. जे होते ते सांगितले. टिटवी उभी राहिली. खुराड्यातली पाखरे गुटर्र गुटर्र करत होती, गुबगुबीत, डोळ्यांत चमक, गळ्यांवर हिरवा-जांभळा रंग. तिच्या मांड्या ओल्या होत्या आणि जळत होत्या. या घरात औषधाने बरे कोण झाले, तर ही. तिच्या मनात आले की जाळी फाडावी, एकेकाची मान मुरगळावी. आणि मग हेही आले की यांचा काय गुन्हा, यांना कोणीतरी औषध दिले आणि ती बरी झाली, औषधाने होते तसे. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय या घराला होतीच. तिला ती लावून घ्यायची नव्हती. ती खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. सासूने पेटी आधीच उंबऱ्याशी आणून ठेवली होती. चहा झाला. सासू आडून बोलू लागली: पोरीची प्रकृती, हवापालट, आमचा काही राग नाही. नवरा दाराच्या चौकटीला टेकून बाहेर पाहत होता. भाऊ मान खाली घालून ऐकत होता, बहिणीच्या सासरी भाऊ ऐकतात तसा. बाहेर ओट्यावर न्हावी मादी घेऊन अजून गोळ्यांच्या आशेने बसला होता.

"दादा, खाली बघू नकोस," टिटवी म्हणाली. "तुला ऐकायला लाज वाटेल, मला सांगायलाही वाटते. पण पेटी तुझ्या हातात देणार आहेत, तर आत काय भरलंय ते ऐक."

आणि तिने सांगितले. कोणते दुखणे, कुठे, कसे जाते, कसे येते. कोणाच्या वाट्याच्या गोळ्या कोणाच्या घशात गेल्या. भावासमोर बहिणीने कधी उच्चारू नयेत असे शब्द तिने एकेक करून, आवाज न चढवता उच्चारले. सासूने मधे दोनदा 'अगं अगं' केले. टिटवीने न्हाव्याला आत हाक मारली. न्हाव्याने, आपण कशाची साक्ष देतो आहोत हे न कळता, सगळे खरे सांगितले.

सासूला वळायला वेळ लागला नाही. मग आजार त्या पाखरांचाच, ती म्हणाली, तरी मी सांगत होते ती पाळू नकोस.

"केंद्रावर चला," टिटवी म्हणाली. "सगळे. तिथे विचारू. यांनी तिथे गोळ्या गिळल्या तर मी इथे राहीन. नाही गिळल्या तर मी जाईन, आणि जाताना डोहावर, बाजारात, दाबयंत्रावर, जो भेटेल त्याला हेच सांगत जाईन."

नवरा आला. भाऊ त्याच्या मागून चालत होता, अगदी लगत.

त्या दिवशी बायकांचा वार नव्हता, त्यामुळे पुरुषाला आत जाता आले. डॉक्टरने सगळे ऐकले आणि क्षणभर स्वतःच्या टेबलाकडे पाहिले.

"पाकीट दिलं म्हणजे औषध पोटात गेलं, असं आम्ही धरून चालतो," ती म्हणाली. "पुरुषांना फाटकाबाहेर ठेवायचं आणि त्यांचं औषध बायकांच्या हाती पाठवायचं, ही पद्धत आमची आहे. आणि मी प्रश्न तुम्हाला विचारला. त्यांना विचारायला हवा होता."

टिटवीने हे ऐकून घेतले. माफ केल्याचे काही म्हटले नाही.

सासूच्या शंकेलाही डॉक्टरने उत्तर दिले. कबुतरांच्या घशात असतो तो या जंतूचा चुलतभाऊ. म्हणून गोळी दोघांवर चालते. पण चुलतभाऊ आपापल्या घरी राहतात. पाखराचा माणसात आजार करत नाही. नवऱ्याची लघवी तपासली. त्यात काही सापडले नाही. नवऱ्याने सगळ्यांकडे पाहिले. बघा, तो म्हणाला, मी सांगत होतो.

"पुरुषात तो सापडायला अवघड असतो. आणि बहुतेकांना त्रास काहीच होत नाही," डॉक्टर म्हणाली. "सापडला नाही याचा अर्थ नाही, असा होत नाही." तिने गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"आत्ताच?"

"पाखरं बरोबर आणली नाहीत ना? मग आत्ताच."

भाऊ दारात उभा होता. नवऱ्याने गिळल्या. डॉक्टरने त्याला तोंड उघडायला लावले आणि टॉर्चने घसा पाहिला, नेमका तो पाखरांचा पाहत असे तसा. टिटवीलाही तिच्या गोळ्या मिळाल्या. औषधाची मुदत संपेपर्यंत तिने सासूच्या खोलीत अंथरूण टाकले, आणि संपल्यावरही ते लगेच हलवले नाही. भाऊ रिकाम्या हाताने परत गेला.

थंडीत नवरा गोदामावर गेला, आणि परतल्यावर टिटवीने त्याला घरात घेण्याआधी केंद्रात नेले. तो कुरकुरला. ती फाटकापर्यंत सायकलवर मागे बसली नाही, बाजूने चालली.

पुढच्या हंगामात पावसाने पुन्हा ओढ दिली. पुन्हा एकच डोह, तेच काळे पाणी, तोच तवंग, तेच दिवसभर उभे राहणे. मुकादमही तोच. टिटवीची आग झाली नाही. काचेवर काही हलले नाही. सासू शेजारणीला सांगू लागली की यंदा पाणी चांगले आहे, सुनेला मानवले. ते डोहापर्यंत आले. मावशीने विचारले, खरं का गं?

टिटवीने हातातली मोळी चेचली, तंतू मनगटाला गुंडाळला आणि हिसडा दिला. काडी निघाली.

"पाणी तेच आहे, मावशी. गेल्या वर्षीइतकंच घाण. तुरटीने माझं दुखणं वाढत होतं, पण ते तुरटीनेही आणलं नव्हतं. आजार माझ्या नवऱ्यात होता. त्याला दिसत नव्हता. औषध दोघांसाठी होतं. माझं मी खाल्लं, त्याच्या वाट्याचं त्याने कबुतरांना घातलं. मी बरी व्हायचे आणि तो मला परत द्यायचा."

मावशी थापी हातात धरून थांबली. "म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"औषध त्याला पाजलं, आजार गेला," टिटवी म्हणाली. "दुसरं काही कारण नव्हतं."